फाटकापाशी अडलेला विस्तव

आमच्या वाटेवर रेल्वेचं फाटक बसलं तेव्हा गावाने नारळ फोडला होता. मी तेव्हाच सगळं ओळखून होतो असं आज म्हातारपणी सांगितलं तर ते खोटं होईल. खोबऱ्याचा तुकडा मीही खाल्ला, आणि पहिली गाडी आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही आ वासून उभा राहिलो. पुढे त्याच फाटकापायी माझ्या भावाचं जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. म्हणून लिहायला बसलो आहे. लिहिताना राग आवरीन असं वचन मात्र मी कोणाला देत नाही.

आमचं गाव अकोल्याच्या उत्तरेला, दर्यापूरकडून येणाऱ्या गाडीवाटेवर. ती कापसाच्या तेजीची वर्षं होती. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला विलायतेत मागणी आली होती. अकोल्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या वेशीतून दिवसभर हलत असे. रेल्वे आली तेव्हा तेजी उतरणीला लागली होती, पण त्यामुळे घाई उलट वाढली. भाव आणखी पडायच्या आत माल मुंबईला पोचवायचा, म्हणून अमरावतीकडच्या मालगाड्या गठ्ठ्यांनी ठासून भरलेल्या येत.

रूळ घातले ते नेमके गाव आणि स्मशान यांच्या मधून. फाटकाच्या पूर्वेला लागूनच नाला रुळांखालून पलीकडे जातो, त्यावर त्यांनी दगडी पूल बांधला. रुळांपलीकडे त्याच नाल्याच्या काठावर बाभळींमध्ये आमचं स्मशान. पूर्वी वाट सरळ होती. आता माणूस मेला तरी त्याला रूळ ओलांडायचे होते.

अकोल्याच्या स्टेशनात जागा नसली की मालगाडी बाहेर थांबवत, आणि बाहेर म्हणजे आमच्या वाटेवर. इंजिन तिकडे अकोल्याकडे, शेपटी इकडे पुलावर, आणि मधले डबे वाट अडवून उभे. दोन्ही अंगांना बैलगाड्या तुंबत. बैल उन्हात तोंडाला फेस आणीत. फाटकवाला होता बाळापूरचा एक वयस्कर मुसलमान, मोठा सालस माणूस. त्याला मी एकदा विचारलं की वाट अशी अडवायला काही कायदा आहे की नाही. तो म्हणाला, आहे. जरुरीपेक्षा जास्त वेळ वाट अडवू नये असा नियम आहे. मी विचारलं, जरुरी किती ते कोण ठरवतं? त्याने बोट इंजिनाकडे केलं. मी हात जोडले आणि परत आलो.

कायदा आमच्याकडेही होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण दर्यापूरपासून अकोल्यापर्यंतचा प्रत्येक गाडीवान तो पाळत असे. वाटेत कोणाची गाडी उभी असेल आणि मालक जवळ नसेल, तर ज्याला जायचं आहे त्याने ती खुशाल बाजूला सारावी. मात्र सारल्यावर चाकाखाली दगड लावावा, आणि आपलं काम झालं की ती होती तशी, होती तिथे आणून ठेवावी. वाट सगळ्यांची आणि गाडी मालकाची, दोन्हींचा मान राहिला पाहिजे.

माझा थोरला भाऊ हा कायदा फारच मनावर घेणारा. एकदा कोणाची तरी गाडी सारून आम्ही पुढे निघालो आणि बोलण्याच्या नादात ती परत ठेवायची राहिली. भाऊला आठवलं ते गाव दिसायला लागल्यावर. मला बैलांपाशी बसवून तो तसाच तापलेल्या फुफाट्यातून मागे गेला आणि गाडी जागेवर ठेवून आला. मी त्याची थट्टा केली, तर म्हणाला, "हसून काय राहिला? उद्या आपली गाडी कोनी अशी सोडून गेला तं तुले चालन का?" असा माणूस. कमी बोलणारा, हाताने काम करणारा, आणि एकदा एक गोष्ट बरोबर वाटली की तिच्यापासून न हलणारा.

माय गेली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. पाऊस त्या वर्षी लांबला होता, नाल्याला अजून पाणी होतं. सकाळी ती अंगणात बसून सरकी निवडत होती आणि दुपारी नव्हती. आजारपण नाही, निरोप नाही. माझ्यासाठी तिने झाकून ठेवलेली भाकर तशीच चुलीपाशी होती. ती भाकर बघून मला रडू फुटलं, तोवर मी बायकांची समजूत घालत फिरत होतो.

बापाला थोरल्याने अग्नी द्यायचा आणि मायला धाकट्याने, अशी आमच्या घरची रीत. म्हणून मडकं माझ्या हाती आलं. दारात गोवऱ्या पेटवून त्यांचा विस्तव मडक्यात घालतात, आणि तो दोरीने हातात धरून तिरडीच्या पुढे चालायचं असतं. घरून निघालेला विस्तव सरणापर्यंत जिवंत पोचला पाहिजे. मागे वळून बघायचं नाही, मागे फिरायचं नाही. भाऊने पुढचा खांदा धरला होता. मला त्याचं पाऊल मागे ऐकू येत होतं आणि तेवढाच मला आधार होता.

विसाव्याच्या दगडापाशी तिरडी टेकवली, खांदे बदलले, आणि पुन्हा उचलली. एकदा विसावा झाला की मग ती थेट स्मशानातच उतरवायची. आम्ही फाटकापाशी आलो तर फाटक बंद आणि वाटेवर मालगाडी.

फाटकवाल्याने आम्हाला बघितलं आणि स्वतःहून पुढे धावला. गाडीच्या कडेने गार्ड अकोल्याकडे चालत निघाला होता, त्याला गाठून फाटकवाला अजिजीने म्हणाला, "साहब, मय्यत है. थोडी गाडी आगे लेने को बोलो." गार्डाने स्टेशनाकडे हात केला, काही तरी बोलला आणि तसाच पुढे निघून गेला. फाटकवाला परत आला. म्हणाला, स्टेशनात जागा नाही, कधी हलेल सांगता येत नाही.

आम्ही उभे राहिलो. तिरडी खांद्यांवर, माणसं आळीपाळीने खांदा देत होती. दिवस कलायला लागला. दोन्हीकडे कापसाच्या गाड्या साचत गेल्या आणि गाडीवान खाली उतरून डोकी उघडी करून उभे राहिले. पुलाखालून जावं तर नाल्यात कमरेइतका काळा चिखल. एकाने सुचवलं की तिरडी डब्यांखालून सरकवू. भाऊ त्याच्याकडे नुसता बघत राहिला, तेव्हा तो मागे सरला. दुसरा म्हणाला, "इंजनात आग असते म्हनतात. इझला तं तिथला इंगळ आनू." वाईट हेतूने नाही म्हणाला बिचारा. पण परक्याच्या आगीवर मायला जाळायची, हे ऐकूनच मी मडक्याची दोरी आवळून धरली.

मी मडक्यात बघत होतो. गोवरीची राख चढत चालली होती. फुंकर घातली की खालून लाल दिसे, मग पुन्हा राख. खाली वाकून चार काटक्या गोळा कराव्यात म्हटलं तर मडकं हातातून ठेवता येत नव्हतं. कोणी तरी तुरीच्या वाळल्या तुऱ्हाट्यांचे तुकडे आणून दिले, ते भसकन जळले आणि संपले. आयुष्यात इतका असहाय मी कधीच नव्हतो. माझ्याकडून मायचं एकच काम व्हायचं राहिलं होतं आणि तेही हातातून चाललं होतं. मी मागे न बघता म्हटलं, "भाऊ, राख होऊन राहिली."

भाऊने ऐकलं. आपला खांदा दुसऱ्याला दिला आणि माझ्या बाजूने पुढे गेला. दोन डब्यांच्या मध्ये वाकून त्याने बघितलं. एका डब्याच्या आकड्यात दुसऱ्याची साखळी अडकवलेली होती आणि ती सैल होती. फाटकवाल्याच्या लक्षात आलं. तो ओरडला, "भाऊ, हात मत लगाओ! ये बैलगाडी नहीं है!"

भाऊ शांतपणे म्हणाला, "मालक हितं नाई. वाट तं पायजेन ना. पुन्हा जोडून देतो मी."

आणि त्याने साखळी उचलून आकड्यातून काढली. मग गाडीवानांना हाक दिली. सांगायची गरज नव्हती, ते काम त्यांना रोजचं होतं. सगळ्यांनी मागच्या डब्यांना छातीने रेटा दिला. आधी काहीच हललं नाही, मग लोखंड करकरलं आणि डबे पुलाच्या अंगाला मागे सरकू लागले. तिरडी जाईल एवढी फट पडली, मग बैलगाडी जाईल एवढी. भाऊने रुळांतले दगड उचलून चाकांखाली नीट बसवले, पायाने दाबून बघितले. मगच येऊन खांदा धरला आणि म्हणाला, "चाल, लहान्या."

कोणी तरी फाटकाची आगळ काढली आणि मी त्या फटीतून गेलो. दोन्ही बाजूंना कापसाचे गठ्ठे भिंतीसारखे उभे होते. सरणापाशी पोचून मडकं वाकडं केलं, राख फुंकली, आणि तळाशी हरभऱ्याएवढा लाल निखारा निघाला. त्यावर तूप आणि वाळलेली पानं घालून मी ती आग जगवली. त्याच आगीने मायला अग्नी दिला. तेव्हा लांबून इंजिनाची शिट्टी ऐकू आली होती, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गार्ड आपल्या शेवटच्या डब्यात परतलाच नव्हता, तो इंजिनावर चढून बसला होता. जागा झाली तशी गाडी पुढे काढली. मागचे डबे सुटले आहेत हे कोणाला ठाऊकच नव्हतं. अर्धी गाडी अकोल्याला गेली, अर्धी रुळांवर राहिली, आणि मागून माणसांची गाडी यायची वेळ झाली होती. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकट्या फाटकवाल्याला. त्या वयात तो हातात लाल निशाण घेऊन रुळांवरून पुलापलीकडे धावत सुटला.

नाल्यावर अंघोळ झाली तशी भाऊ ओल्या धोतराने निघाला. लोक म्हणाले, घरी चल आधी. तो म्हणाला, "गाडी जोडा लागते." म्हणजे गाडी जोडून द्यायचा शब्द दिला होता, तो पुरा करायला निघाला. मी त्याच्या मागे गेलो. फाटकापाशी आलो तेव्हा पुलाच्या पलीकडे माणसांची गाडी थांबलेली होती. सुटलेल्या डब्यांपासून फार लांब नव्हती. खिडक्यांतून बायका बघत होत्या. एकीच्या कडेवर तान्हं मूल होतं, ती त्याला आमच्याकडे बोट करून काही तरी दाखवत होती. फाटकवाला रुळांच्या कडेला बसून धापा टाकत होता.

भाऊ त्या खिडक्यांकडे बघत राहिला. मग त्याने फाटकवाल्याला हळूच विचारलं, "यात मान्सं हायेत?"

"हां भाऊ. भरी हुई है."

"आनि हे दोन्ही एकाच रुळावर?"

फाटकवाल्याने नुसती मान हलवली. मायच्या तिरडीखाली ज्याचा पाय डळमळला नव्हता तो माणूस तिथे मटकन खाली बसला. शिपाई आले तेव्हा तो तसाच बसलेला होता, ओल्या धोतराने. डबे कोणी सोडले असं त्यांनी विचारायच्या आधीच त्याने हात वर केला.

दहाव्याला भाऊ कोठडीत होता. मी एकट्यानेच पिंड ठेवला. सगळे म्हणत होते की कावळा आज काही शिवत नाही, थोरला असा अडकलेला, तिचा जीव घुटमळणार. पण मी हात जोडून मागे सरतो न सरतो तोच कावळा आला आणि पिंडाला चोच मारून गेला. बायका म्हणाल्या, सुटली बिचारी, काही मागे राहिलं नाही तिचं. मला त्या कावळ्याचा असा संताप आला की मी दगड उचलला. पोटचा पोर कैदेत आणि तिचं काही मागे राहिलं नाही? त्यानंतर कितीतरी दिवस मी मायवरसुद्धा रागावलेला होतो, आणि असा राग मनात धरल्याचं दुःख वेगळंच होतं.

अकोल्याच्या कचेरीत खटला चालला. मला थोडं लिहिता-वाचता येत होतं, म्हणून गावाने माझ्याबरोबर दोघे म्हातारे देऊन मलाच पुढे केलं. गोरा साहेब, त्याला मराठी समजावून सांगणारा कारकून, आणि पिंजऱ्यात भाऊ. फाटकवाल्याने जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. आपण विनंती केली होती हेही सांगितलं आणि आपण बजावलं होतं हेही. गार्ड म्हणाला, मी हुकमाप्रमाणे वागलो. गार्डाच्या शेवटच्या डब्यात चाकं आवळायचा दांडा असतो, तो त्याने आवळलेला असता तर ते डबे इतक्या सहजी हललेच नसते, हे मला तिथेच बसलेल्या रेल्वेच्या एका खलाशाकडून, म्हणजे डबे जोडणाऱ्या माणसाकडून, कळलं. पण ते कोणी विचारलं नाही, आणि मी उठून सांगू लागलो तर मला गप्प बसवलं.

साहेबाने भाऊला विचारलं, तू असं का केलंस. भाऊ म्हणाला, "वाट तं सगळ्यायची हाये साहेब. कोनाचीबी गाडी वाटेत उभी राह्यली तं ते बाजूले करा लागते. चाकाले दगड लावले होते मी. परत जोडून द्यालेच येत होतो."

कारकुनाने ते सांगितलं. साहेबाने ते लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, मागून आलेल्या गाडीतली माणसं मेली असती तर? मी मनात म्हणत होतो, भाऊ, सांग की वाट आधी त्यांनी अडवली. सांग की ज्याने अडवली त्याला शिक्षा नाही आणि ज्याने मोकळी केली त्याला कशी. कोठडीच्या गजांआडून भेट मिळे तेवढ्यात मी त्याला हेच पढवलं होतं.

भाऊने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "ते मले ठाऊक नोतं, साहेब. ठाऊक असतं तं सोडली नसती. चूक झाली."

मी डोक्याला हात लावला. वर्षभराची सक्तमजुरी झाली. साहेब दुष्ट नव्हता आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं, हेच मला जास्त लागलं. खोटं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण एक गोष्ट मी आजही सोडायला तयार नाही. वाट अडवण्याबद्दल त्या कचेरीत कोणालाही एका शब्दाने जाब विचारला गेला नाही.

ते वर्ष मी भाऊची गाडी हाकली. फाटकापाशी मालगाड्या थांबतच होत्या. मग पुढच्या हंगामात एक दिवस मी रांगेत उभा असताना रेल्वेचा खलाशी आला, त्याने दोन डब्यांमधली साखळी काढली, शिट्टी वाजवली, आणि माणसं लावून मागचे डबे मागे सारले. चाकांखाली लाकडी पाचरी मारल्या. फाटकवाल्याने फाटक उघडून आम्हाला हात केला. मी बैल हाकलेच नाहीत. खाली उतरून त्याला विचारलं, हे काय? तो नजर चुकवत म्हणाला, नवा हुकूम आला आहे. मालगाडी इथे थांबली तर वाटेवर तोडायची, वाट मोकळी ठेवायची, आणि निघताना पुन्हा जोडायची. मागे लांबवर एक माणूस लाल निशाण घेऊन उभा करायचा.

त्या भल्या माणसाला मी नको नको ते बोललो. तो ऐकून घेत राहिला. लाल निशाण धरलेला माणूस हा फरक मोठा होता हे मला कळतं, पण ते आता कळतं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की जे केलं म्हणून माझा भाऊ खडी फोडतो आहे, तेच इथे पगारी माणूस करतो आहे.

भाऊ सुटला त्या दिवशी मी गाडी नेली नाही. त्यानेच निरोप धाडला होता की पायी येऊ. तो बराच वाळला होता आणि त्याच्या हातांना वेगळे घट्टे पडले होते. मोर्णा नदीवर त्याने अंघोळ केली आणि आम्ही उत्तरेच्या वाटेला लागलो. नव्या हुकमाचं मी त्याला काही सांगितलं नाही. कसं सांगावं ते सुचत नव्हतं.

फाटकाशी आलो तर मालगाडी उभी. मधोमध तोडलेली, वाट मोकळी, आणि बैलगाड्या त्या फटीतून चाललेल्या. फाटकवाल्याने भाऊला ओळखलं. त्याने कपाळाला हात लावून सलाम केला. भाऊनेही त्याला रामराम केला. मग तो त्या डब्यांकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा संतापेल, आणि खरं सांगायचं तर त्याने संतापावं असं मला फार वाटत होतं. तो पुढे होऊन खाली वाकला आणि चाकाखालच्या पाचरीवर हाताने दाब देऊन बघितलं.

"पक्की हाये," तो म्हणाला, आणि वाटेच्या कडेला येऊन बसला.

मी म्हटलं, "भाऊ, चाल ना. वाट मोकळी हाये."

"जाऊ दे गाडी. तवा मायची घाई होती. आता कायची घाई हाये?"

मी त्याच्याजवळ बसलो. तिथून नाल्याच्या काठच्या बाभळी दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी राख सावडायला तो नव्हता, दहाव्याला नव्हता, वर्षश्राद्धालाही नव्हता. तो तिकडे बघत होता. बऱ्याच वेळाने इंजिनाची शिट्टी झाली, खलाशाने डबे जोडले, आणि गाडी अकोल्याकडे निघून गेली. रूळ मोकळे झाले तरी तो उठला नाही.

"लहान्या," तो म्हणाला, "एक इचारू? तवा इचाराले झालंच नाई."

"इचार."

"त्या दिशी तिथं पोचला तवा मडक्यात इस्तव होता ना रे? घरचा?"

सगळं वर्ष त्याने हा प्रश्न मनात ठेवला होता. खांदा त्याचा होता, मडकं माझ्या हातात होतं, आणि सरण पेटलं तेव्हा तो लाकडं आणायला मागे होता, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी त्याच्याकडे वळलो. मी म्हटलं, "होता, भाऊ. हरभऱ्याएवढा होता. त्याच्यावरच पेटवलं मायले."

त्याने मान हलवली. धोतराची धूळ झटकत उठला.

"मंग झालं," तो म्हणाला, आणि रूळ ओलांडून आम्ही घरी गेलो.